जयराम सरांचा होकार

जयराम पगारे यांना झटका आला तो घरीच, देवळाली कॅम्पात, सकाळी दाढी करताना. दवाखान्यात पोचेपर्यंत उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत होता आणि बोलणं पार थांबलं होतं. वय पन्नाशीच्या आत. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. हळूहळू येतील. किती येतील ते आज सांगता येणार नाही.

महात्मानगरातल्या त्यांच्या ऑफिसात पहिला आठवडा सगळे हळहळले. दुसऱ्या आठवड्यापासून कामं अडायला लागली.

कंपनी लहान, वीस-बावीस माणसांची. मालक वाल्मीक बोरस्ते आणि जयराम एकाच कॉलेजातले. वाल्मीकने गिऱ्हाइकं आणली आणि जयरामने सॉफ्टवेअर लिहिलं. डायलिसिस केंद्रांसाठीचं सॉफ्टवेअर. कोणता पेशंट कुठल्या दिवशी येणार, कोणत्या यंत्रावर बसणार, आला तेव्हा वजन किती, जाताना किती, अंगात साठलेलं पाणी यंत्राने किती काढायचं, सगळं त्यात. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा हे करावंच लागतं. नाशिकच्या एका ट्रस्टची पाच केंद्रं कितीतरी वर्षं या सॉफ्टवेअरवर चालली होती.

त्यात काही गोष्टी बघणाऱ्याला विचित्र वाटायच्या. अमुक पान दोनदा का उघडावं लागतं, तमुक यादी नावाऐवजी गावावरून का लावलीय. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ते जयराम सरांच्या डोक्यात होतं. कुणी विचारलं की ते त्याला खाली चहाच्या गाडीवर न्यायचे आणि सगळी हकिकत सांगायचे. आधी काय केलं होतं, त्यातून काय घोळ झाला, मग काय सुचलं, ते का सोडून दिलं. ऐकणाऱ्याला पटायचं. महिन्याभराने तो विसरायचा आणि पुन्हा विचारायचा, आणि सर पुन्हा तितक्याच हौसेने सांगायचे.

"सर, हे कुठेतरी लिहून ठेवू या का?" साक्षीने एकदा विचारलं होतं.

"कशाला?" सर हसून म्हणाले होते. "मी आहे की."

साक्षी थेटे मूळ गिरणाऱ्याची. शिकून बाहेर पडल्यावर पहिली नोकरी तिला इथेच लागली आणि ती टिकली, त्याचं मोठं कारण जयराम सर. काम त्यांनीच शिकवलं. म्हणून वाल्मीक सरांनी तिलाच केबिनमध्ये बोलावलं.

"जयाने काय काय ठरवलं आणि का ठरवलं, ते सगळं लिहून काढायचं," ते म्हणाले. "दुसरं काय करता आलं असतं, ते का केलं नाही, तेसुद्धा. एकाच माणसाच्या डोक्यात सगळं ठेवून आपण फार मोठी चूक केलीय. उद्या तुला काही झालं तर..." ते मध्येच थांबले. "म्हणजे तू सुट्टीवर गेलीस तर."

घाईचं आणखी एक कारण होतं. ट्रस्ट नवी केंद्रं काढणार होता आणि तिथेही हेच सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही, ते त्यांचं ठरायचं होतं. जयराम नसताना ही मंडळी हे सांभाळू शकतील का, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

साक्षीने जुने मेल चाळले, सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं झालेले बदल एकेक करून पाहिले, केंद्रांवर फोन केले. काय बदललं ते सगळीकडे सापडायचं. का बदललं ते कुठेच नाही. नोंदी असायच्या त्या अशा: 'दुरुस्ती', 'केंद्राच्या सांगण्यावरून', 'आता बरोबर'. तिने एक मोठा तक्ता केला होता. त्यात 'कारण' या रकान्यात प्रश्नचिन्हांची रांग लागली. वाल्मीक सरांना ती रांग बघवेना. हा तक्ता ट्रस्टवाल्यांना दाखवायचा होता.

त्यातच ट्रस्टकडून एक मागणी आली. पेशंट आला की नर्स त्याला काट्यावर उभं करते आणि आकडा स्क्रीनवरच्या चौकोनात टाइप करते. हा चौकोन रिकामा असतो. मागच्या वेळचं वजन त्यात आपोआप येऊ द्या, फरक असेल तर नर्स बदलेल, नाहीतर पुढे जाईल. सकाळच्या गर्दीत केवढा तरी वेळ वाचेल. जातानाच्या वजनाचंही तसंच करा.

मागणी रास्त होती. काम अर्ध्या दिवसाचं. साक्षीने तो भाग उघडला तर तिथे सरांनी एक ओळ लिहून ठेवलेली: 'रिकामंच ठेवायचं. विचारल्याशिवाय बदलू नये. ज.'

"मग विचार त्याला," वाल्मीक सर म्हणाले. "जाऊन ये."

ती गुरुवारी दुपारी लॅम रोडने देवळालीला गेली. सरांची बायको राखी शाळेत शिकवायची, ती अजून आली नव्हती. दार सरांच्या आई लताबाईंनी उघडलं. त्यांनी तिला आत नेलं. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. साक्षीला पाहून त्यांचे डोळे भरून आले. तोंडातून काहीतरी आवाज निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही.

"राहू द्या सर. मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही सांगा. जमेल?"

"हो," सर म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

साक्षीला इतका आनंद झाला की पुढचा सगळा वेळ ती त्याच भरात होती. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक प्रश्न वाचत गेली. सर 'हो' म्हणायचे, कधी 'नाही' म्हणायचे, आणि ती लिहून घ्यायची. तासाभरात पुष्कळ प्रश्नचिन्हं गेली. तोफखान्याच्या सरावाचे आवाज लांबून येत होते आणि प्रत्येक आवाजाला सर दचकत होते. जन्म कॅम्पात गेलेला माणूस. आधी त्यांना हे आवाज ऐकूही यायचे नाहीत.

"सर, आता शेवटचं. वजनाचा चौकोन. मागचं वजन आपोआप भरलं तर चालेल ना?"

सरांनी मान वर केली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला. "हो."

"चालेल?"

"हो. हो." चेहरा लाल झाला होता, उचललेला हात हवेत हलत होता.

"दमला गं तो आता," लताबाई आतून म्हणाल्या. "बास कर, बाई."

साक्षीने लॅपटॉप मिटला, सरांच्या पाया पडली आणि निघाली. परतताना तिला फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यात लिहिलं: 'पूर्वी इंटरनेट मंद होतं, जुना आकडा यायला वेळ लागायचा, म्हणून चौकोन रिकामा ठेवला असावा. आता गरज नाही. जयराम पगारे यांना विचारून बदल केला.'

वाल्मीक सरांनी वाचलं. "'असावा' कशाला? ते काढ. वाचणाऱ्याला वाटेल आपल्यालाच खात्री नाही."

तिला खात्री नव्हतीच. इंटरनेटचं कारण तिने स्वतःच्या अंदाजाने लिहिलं होतं. पण सर 'हो' म्हणाले होते, मग कारण हे काय नि दुसरं काय. तिने 'असावा' काढून 'होता' केलं.

बदल पाचही केंद्रांवर गेला. नर्सेसचे फोन आले, मॅडम, फार बरं केलंत. ट्रस्टची माणसं खूश झाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी साक्षी पुन्हा देवळालीला गेली, उरलेले प्रश्न घेऊन. शाळेला सुट्टी लागली होती, राखी घरी होती. ती नवऱ्याशेजारी स्टूल घेऊन बसली. साक्षीने पहिला प्रश्न विचारला, केंद्रांचा रोजचा अहवाल सकाळऐवजी संध्याकाळी पाठवला तर चालेल का.

"हो," सर म्हणाले.

साक्षी लिहायला लागली.

"थांब," राखी म्हणाली. "हे नाही म्हणतायत."

"ताई, ते हो म्हणाले आत्ता."

"तोंडाने म्हणाले. हात बघ की." सरांचा डावा हात हवेत झटकल्यासारखा हलत होता. "यांच्या तोंडून हो निघेल की नाही निघेल, याचा यांनासुद्धा भरवसा नाही. परवा चहा हवा का विचारलं, तर नाही नाही म्हणत कप घट्ट धरून बसले. आम्ही हातावरून ओळखतो. मांडीवर थाप मारली म्हणजे हो, झटकला म्हणजे नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मी वाल्मीकभाऊंना फोनवर बोलले होते. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

साक्षीने नकारार्थी मान हलवली.

"मागच्या वेळी कोण होतं इथे?"

"आजी होत्या. आत होत्या."

साक्षीने लॅपटॉप सरांकडे वळवला आणि नवं पान उघडून दाखवलं. पेशंटचं नाव, खाली वजनाचा चौकोन, त्यात आकडा भरलेला.

सरांनी पाहिलं. क्षणभर त्यांना कळलं नसावं. मग डाव्या हाताचा फटका इतक्या जोरात बसला की लॅपटॉप साक्षीच्या मांडीवरून घसरला. "हो! हो! हो!" ते ओरडत होते, हात झटकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लताबाई धावत बाहेर आल्या.

राखीने त्यांना पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. साक्षी कोपऱ्यात उभी राहिली. बराच वेळ गेल्यावर सर स्वतःच डाव्या हाताने लिहिल्यासारखी खूण करायला लागले. राखीने मुलांच्या प्रकल्पांसाठी आणलेला जाड कागद आणि स्केचपेन दिलं. अक्षर त्यांना जमत नव्हतं, पण आकडे येत होते. वाकडेतिकडे. त्यांनी एक चौकोन काढला आणि त्यात ५२ लिहिलं. खाली पुन्हा चौकोन, पुन्हा ५२. पुन्हा तसंच. चौथ्या वेळी पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

"हे एकाच पेशंटचं वजन?" साक्षीने विचारलं.

मांडीवर थाप.

"म्हणजे पूर्वी ते आपोआप भरत होतं? तुम्हीच तसं ठेवलं होतं?"

थाप.

"आणि मग... कुणी वजनच करेना. आकडा आहेच म्हणून नुसतं पुढे जायचे."

सरांनी मांडीवर थाप मारली, पुन्हा मारली, मारतच राहिले.

फार पूर्वी कधीतरी त्यांनी नेमकी हीच सोय करून पाहिली होती आणि ती काढून टाकली होती. चौकोन रिकामा असला की नर्सला पेशंटला काट्यावर उभं करावंच लागतं. तेवढ्यासाठी तो रिकामा होता.

"त्यातून कुणाला काही झालं होतं का, सर?"

हात हलला नाही. थापही नाही, झटकाही नाही. सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. साक्षी पुन्हा विचारणार होती, पण राखीने तिला डोळ्यांनीच थांबवलं.

अंगणात येऊन तिने गाडीच्या सीटवर लॅपटॉप ठेवला आणि पाचही केंद्रांची वजनं उघडली. माणसाचं वजन रोज थोडंफार हलतं, या पेशंटांचं तर हलतंच, कारण दोन खेपांच्या मधे लघवीवाटे पाणी बाहेरच पडत नाही. पण बदल गेल्यापासून कितीतरी नावांपुढे तोच तो आकडा उभा होता, दशांशासकट. तिने तिथूनच वाल्मीक सरांना फोन लावला.

"बदल आज मागे घ्यायचा?" ते म्हणाले. "अगं, पुढच्या आठवड्यात नव्या केंद्रांचं पक्कं होतंय. काय कारण सांगू त्यांना?"

"कारण आहे ना आपल्याकडे. आत्ता मिळालं. सरांनी सांगितलं."

"तो हो म्हणाला होता, असं तूच लिहिलंयस."

साक्षी म्हणाली, "राखीताईंनी तुम्हाला सांगितलं होतं सर, त्यांच्या हो-नाहीचं."

"सांगितलं असेल. किती गोष्टी लक्षात ठेवू मी? तेव्हा तो जगतो की नाही तेच कळत नव्हतं." मग ते म्हणाले, "घे मागे. संध्याकाळपर्यंत घे. पण गाजावाजा नको. तांत्रिक दुरुस्ती म्हणून जाऊ दे."

संध्याकाळी चौकोन पुन्हा रिकामे झाले. नर्सेसचे फोन आले, मॅडम, ते बंद पडलं का? साक्षी म्हणाली, बंद केलंय, प्रत्येकाचं वजन करा.

तिला स्वस्थ बसवेना. ज्यांचे आकडे सारखे होते अशी नावं ती एकेक करून पाहत गेली. त्र्यंबक रोडवरच्या केंद्रातल्या एक कुसाबाई होत्या, हरसूलकडच्या. सलग कितीतरी खेपा तेच वजन, आणि मग नोंदीच थांबलेल्या. तिने केंद्रावर फोन केला.

"त्या पडल्या ना," नर्स म्हणाली. "इथून गेल्या आणि त्र्यंबकच्या स्टँडवर गाडी बदलताना चक्कर येऊन पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय झालेलं, काय करणार."

कुसाबाई सरकारी दवाखान्यात होत्या. साक्षी गेली तेव्हा त्यांची सून कॉटखाली पथारी टाकून बसली होती. म्हातारी अगदी लहानशी दिसत होती.

"तू कोण गं?" कुसाबाईंनी विचारलं.

"केंद्रात तो कॉम्प्युटर आहे ना आजी, त्याचं काम करते."

"आन् मला बघाया आलीस? बस, बस. लांबून आलीस."

साक्षी कॉटच्या कडेला बसली. "पडलात त्या दिवशी काय होत होतं?"

"लय गार गार झालं. मशीनवरच पाय वळाया लागले. म्हणलं, गाडी चुकंल, म्हणून तशीच निघाले. स्टँडवर डोळ्यांपुढं अंधारी आली, मंग काय आठवत नाय." त्या दम घ्यायला थांबल्या. "दोन दिस जुलाब झालं होतं ना. अंगात पानीच नव्हतं."

"त्या दिवशी वजन केलं होतं तुमचं?"

"नाय. गर्दी होती. ती पोरगी म्हणली, आजी, आकडा हाय यात, बसा तुम्ही."

साक्षीला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही. जुलाबांनी म्हातारीचं वजन उतरलं होतं, स्क्रीनवर मागचंच होतं, आणि यंत्राने त्या आकड्याप्रमाणे पाणी काढलं. नव्हतं तेही काढलं.

"माझंच वय झालं, माय," कुसाबाई म्हणाल्या. "कुनाला काय बोलायचं."

"नाही आजी. ते आमच्यामुळे झालं."

म्हातारीला ते समजलं नाही, पण सुनेला समजलं. ती उठून उभी राहिली. "म्हंजे? मशीन चुकलं?"

"मशीन नाही. आम्ही चुकलो. मी चुकले."

"मंग आता?" सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. "आता ह्या चालतील का?"

साक्षी कॉटवरून उठली.

दवाखान्यातून ती ऑफिसात गेली नाही. ट्रस्टच्या मुख्य डॉक्टर बाईंची वेळ मागितली, त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चौकोन रिकामा का होता, तिने काय विचारलं, सर काय म्हणाले, तिने काय लिहिलं. 'असावा' काढल्याचंही सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आमच्या मुलींनीही वजन करायला हवं होतं. ते मी बघते. पण तुमच्याबरोबरचं नवं काम मी आता पुढे नेऊ शकत नाही." त्यांनी लगेच पाचही केंद्रांवर फोन लावायला घेतले. कुसाबाईंच्या उपचाराची जबाबदारी ट्रस्टने घेतली. नवी केंद्रं दुसऱ्या कंपनीकडे गेली.

वाल्मीक सर तिला काही बोलले नाहीत. पुष्कळ दिवस अजिबातच बोलले नाहीत. जेवायच्या सुट्टीत ती बसली की टेबलावरची मंडळी विषय बदलायची. तिच्या शेजारी बसणारा मुलगा एकदाच म्हणाला, "सांगायची काय गरज होती? मागे घेतलं होतं ना आपण." रात्री तिला झोप लागेना.

मग एका रविवारी वाल्मीक सर देवळालीला गेले. दवाखान्यातून जयराम घरी आल्यापासून पहिल्यांदाच. हे साक्षीला राखीने नंतर सांगितलं. "आले, खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले. म्हणाले, जया, मला सांगितलं होतं आणि मी पोरीला सांगितलं नाही. एवढंच. चहा गार झाला. जाताना माझ्याकडे बघवेना त्यांना."

"सर काय म्हणाले?"

"हे? हे रडले. आता सारखेच रडतात. डॉक्टर म्हणतात, तोही आजारच."

राखी साक्षीवर रागावली होती आणि तो राग तिने लपवला नाही. तिच्या नवऱ्याच्या नावावर असा होकार लिहिला गेला होता, जो त्याने दिलाच नव्हता, आणि तो कागद ट्रस्टमध्ये फिरला होता. तरी तिने साक्षीला यायचं थांबवलं नाही. "यांना आवडतं तू आलीस की," ती म्हणाली. "दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. पण मी असेन तेव्हाच. दमले की बंद. आणि यांच्या नावाने एक ओळ जरी लिहिलीस तरी आधी मला वाचून दाखवायची."

साक्षीने तक्ता पहिल्यापासून पुन्हा केला. त्या पहिल्या गुरुवारी मिळालेलं प्रत्येक हो आणि प्रत्येक नाही तिने पुसून टाकलं. वजनाच्या चौकोनापुढे आता लांबलचक मजकूर होता: मागचं वजन आपोआप भरून पाहिलं होतं, तेव्हा वजन करणं बंद पडलं, म्हणून काढलं. हे आम्हाला आकड्यांच्या चित्रावरून आणि हाताच्या खुणेवरून कळलं. त्या वेळी कुणाला इजा झाली का, ते कळलेलं नाही. पुढे आम्ही न कळता पुन्हा तेच केलं, आणि एक पेशंट पडली. खाली तिने स्वतःचं नाव घातलं.

दर शनिवारी ती देवळालीला जायला लागली. कधी एखादं कारण पूर्ण हाती लागायचं, कधी तासभर चित्रं काढूनही काही कळायचं नाही आणि सर चिडून कागद भिरकावायचे. एकदा एका विचित्र यादीबद्दल विचारलं तर ते अचानक हसायला लागले. खूप प्रश्न विचारल्यावर समजलं की त्यामागे काहीच नव्हतं, त्या दिवशी त्यांना घरी लवकर जायचं होतं. राखीही हसली, झटक्यानंतर पहिल्यांदा. पण बरेच रकाने 'माहीत नाही' असेच राहिले, आणि ते तसेच राहणार हे साक्षीला दिसत होतं. सरांचे शब्द डॉक्टरांनी म्हटलं तसे परत येत नव्हते.

कुसाबाईंचं हाड बसवलं. त्या वाचल्या, पण चालणं गेलं. डायलिसिस चुकवता येत नाही, म्हणून ट्रस्टची गाडी त्यांना आता गावातून आणायची आणि सोडायची. सून बरोबर यायची, तिचा त्या दिवशीचा रोज बुडायचा.

साक्षी एकदा सकाळी त्र्यंबक रोडच्या केंद्रावर गेली होती, तेव्हा गाडी आली. कुसाबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून आत आणलं. काट्यावर उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून नर्सने खुर्चीसकट त्यांना मोठ्या काट्यावर घेतलं, आकडा पाहिला आणि खुर्चीचं वजन मनातल्या मनात वजा करून चौकोनात टाकलं.

"मॅडम, आलाच आहात तर एक करा ना," नर्स म्हणाली. "खुर्चीचं वजन एकदाच आत भरून ठेवा. म्हणजे ते आपोआप वजा होईल. रोज कोण हिशोब करणार?"

साक्षीने खुर्चीकडे पाहिलं. भिंतीशी आणखी दोन खुर्च्या होत्या, एक जुनी लोखंडी, एक हलकी. कुसाबाईंच्या मांडीवर घोंगडी होती, पायाशी पिशवी. सोय चांगली होती. करायला अर्धा दिवससुद्धा लागला नसता.

"आज नाही सांगत," ती म्हणाली. "जरा बघू दे."

तिने एक स्टूल ओढलं आणि काट्याजवळ बसली. सून भिंतीला टेकून उभी होती, तिने साक्षीला ओळखलं होतं. नर्सने कुसाबाईंची खुर्ची यंत्राजवळ नेली. पुढचा पेशंट आत येत होता.

"काय बघतीस गं?" कुसाबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"तुम्हाला काट्यावर कसं घेतात, ते."

"बघ," म्हातारी म्हणाली आणि हात पुढे करून नर्सला सुईसाठी दिला.